ओळींमधलं अंतर

चौथ्या मजल्यावरचा जोएल म्हणाला, आंटी,
डेटाबेस नको, लॉगिन नको, काही हलायलाच नको.
साध्या फायली लिहायच्या, एक कमांड द्यायची,
पानं भराभर पडतात.
भाकऱ्यांसारखी, मी म्हटलं.
त्यानं भाकरी थापताना कुणाला पाहिलेलं नसावं;
तो हो म्हणाला.

थीम उतरवून दिली आणि जिमला गेला.
थीममध्ये आधीच कुणीतरी राहत होतं.
सोनेरी दाढीचा माणूस, तळं, लाकडी होडी,
कॉफीवर तीन परिच्छेद.
भाड्याच्या खोलीतून आधीच्या बिऱ्हाडाचं कॅलेंडर उतरवावं
तसं एकेक उतरवलं.
होडीपाशी मात्र जरा थांबले.
मग तिच्या जागी आमच्या चेंबूरच्या खिडकीतून दिसणारी
रिफायनरीची ज्योत टाकली.
फोटोत ती ठिपक्याएवढीच आली.

सरकता मथळा बंद.
‘वाचायला लागणारा वेळ: एक मिनिट’, तेही बंद.
सत्तावीस वर्षं काउंटर नंबर चारवर बसले,
लोकांची मिनिटं मोजणं पुरे झालं.

कशाबद्दल साइट, त्यानं विचारलं होतं.
पासबुकात सापडलेल्या वस्तू.
तो हसला नाही, एवढं त्याचं बरं.
बेलाचं पान. दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी.
एकदा बाळाचं जावळ, कागदाच्या पुडीत.
घाटला गावातले एक म्हातारबुवा,
दर महिन्याला पासबुकात नवा सुकलेला सोनचाफा.
नोंद करून, शिक्का मारून
मी तो त्याच पानात परत ठेवायचे.
ते कधी काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.
घरी येऊन वहीत लिहायचे, तारखेसकट.

पहिली नोंद टाइप केली
तर अक्षरांची टाळकी उडालेली.
वेलांट्या छाटलेल्या, उकारांचे पाय गेलेले,
रफार तर औषधालाही नाही.
थीम करणाऱ्याच्या भाषेला
डोक्यावर काही घ्यावं लागत नसणार.
जोएलला फोन. धापा टाकत म्हणाला,
लाइन-हाइट बघा, एक पूर्णांक एक असेल. वाढवा.
एक पूर्णांक आठ केलं.
ओळी जरा सरकून बसल्या,
बाकावर तिसरीला जागा देणाऱ्या बायकांसारख्या.

मग कॉन्फिगच्या फायलीत, अगदी तळाशी:
लेखक, बरोबर, आणि रिकामं अवतरणचिन्ह.
वडिलांचे वा पतीचे नाव, असा रकाना नाही.
कुमारी, सौभाग्यवती, श्रीमती,
लागू नसेल ते खोडा, हेही नाही.

चौऱ्याण्णव साली गिरगावातल्या कार्यालयात
ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं गेलं, प्राची.
सासूबाईंचं नाव कुमुद; एका घरात दोघी कशा.
वाईट वाटलं नाही फारसं. पेढे वाटले.
ते तांदूळ नंतर कुणी शिजवले असतील,
एवढं मात्र मनात आलं होतं.
रेशनकार्ड, पॅन, काउंटरवरची पाटी, सगळीकडे प्राची.
पनवेलची आत्या तेवढी जुन्या नावानं हाक मारायची.
ती गेली, त्यालाही आता बारा वर्षं.

टाइप केलं: कुमुदिनी.
आडनाव नाही टाकलं. कुठलं टाकायचं
हा वाद रात्री साडेबाराला कोण घालत बसेल.

कमांड दिली.
चौदा पानं, एकशे बारा मिलिसेकंद.
झोपली नाहीस अजून? आतून ह्यांचा आवाज.
आले, म्हटलं,
आणि पुन्हा पाहिलं.
मथळ्याखाली, बारीक करड्या अक्षरांत,
दोन उकार खाली,
वर एक पहिली वेलांटी, एक दुसरी,
कुठेच काही कापलेलं नाही.

पत्ता अजून माझ्याच मशीनवरचा.
बाहेरून कुणाला दिसत नाही.
उद्या जोएल येईल, डोळे बारीक करून बघेल,
म्हणेल, आंटी,
थीममधलं आधीचं नाव काढायचं राहिलंय.